तंजावर : एका राजधानीचे दर्शन
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संघाच्या चिटणिसांनी आम्हांस ‘दक्षिणेतील आमची यात्रा’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आम्ही एक साधे मॅट्रिक झालेले शिक्षक. तेहतीस वर्षे मुलांना बाराखडी, पाढे आणि नकाशे शिकवण्यात गेली. वक्त्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु चिटणीस म्हणाले, “गुरुजी, तुम्ही पाहिले ते सांगा, एवढेच पुरे.” पाहिले ते सांगण्यास अधिकार लागत नाही, म्हणून आज उभे राहिलो आहोत.

गतवर्षी माघ महिन्यात आम्ही उभयता, आमचे व्याही आणि विहीणबाई असे चौघे दक्षिणेस गेलो होतो. अकरा दिवसांत नऊ गावे पाहिली. त्या सर्वांची जंत्री येथे वाचू लागलो तर श्रोत्यांपैकी निम्मे भोजनमंडपात जातील. म्हणून एकाच गावाविषयी बोलतो. ते गाव म्हणजे तंजावर. रामेश्वर, मदुराई ही क्षेत्रे मोठी खरीच. परंतु तेथे आपण यात्रेकरू म्हणून जातो. तंजावरास मात्र मराठी माणूस कोणत्या नात्याने जातो, हे तेथे पोहोचेपर्यंत त्यास उमगत नाही. निदान आम्हांस उमगले नव्हते.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि पहाटे खिडकीतून पाहतो तो दोन्ही बाजूंस भातखाचरे. कावेरीच्या गाळाचा हा मुलूख. पाण्याचा आणि भाताचा सुकाळ असेल तेथे राजधान्या उभ्या राहतात, हे आम्ही इतिहासाच्या तासाला मुलांना नेहमी सांगत असू. ते प्रत्यक्ष पाहण्याचा योग साठीनंतर आला. नवव्या शतकाच्या मध्यास विजयालय नावाच्या चोळ राजाने हे नगर घेतले आणि तेथून चोळांचे वैभव सुरू झाले. पुढे राजराजाचा पुत्र राजेंद्र याने राजधानी गंगैकोंडचोळपुरास हलविली. सोळाव्या शतकात नायक राजांनी तंजावरास पुन्हा राजधानीचा मान दिला. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकांनी तंजावरच्या नायकांचा पाडाव केला आणि त्या धामधुमीत आदिलशाहीचे सरदार म्हणून व्यंकोजीराजे भोसले तेथे आले. व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, हे शहाजीराजे व तुकाबाई यांचे पुत्र, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू. १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावरची गादी स्वतःच घेतली आणि ती त्यांच्या वंशात १८५५ पर्यंत चालली. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीत दोघे भाऊ कोळ्ळिडम नदीच्या काठी भेटले. भेट फारशी गोड झाली नाही, हे आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. भावाभावांच्या वाटण्यांचे प्रकरण असल्याने त्यावर अधिक बोलत नाही, प्रत्येकाच्या घरी त्याचे अनुभव आहेतच.

प्रथम देवदर्शन. बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने बांधविले; १०१० साली शिखरावर कळस चढला. तमिळ लोक त्यास ‘पेरिय कोविल’ म्हणजे मोठे देऊळ म्हणतात, आणि नाव अगदी यथार्थ आहे. गाभाऱ्यावरचे विमान दोनशे फुटांहून उंच. सारे बांधकाम कठीण ग्रॅनाइट दगडाचे, आणि आश्चर्य असे की आसपासच्या गाळवट जमिनीत असा दगड मुळीच नाही. तो दुरून वाहून आणावा लागला. आत शिवलिंग पुरुष-दीड पुरुष नव्हे, चांगले दोन पुरुष उंचीचे. समोर एकाच शिळेतून घडविलेला, सुमारे बारा फूट उंचीचा नंदी. हा नंदी मात्र चोळांचा नसून मागाहून नायकांच्या काळी बसविलेला आहे. आमच्या विहीणबाईंनी नंदीच्या कानात काही सांगण्याचा प्रयत्न केला, परंतु कान दहा फुटांवर.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या विमानाची सावली भूमीवर पडत नाही, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. इतकेच नव्हे, तर एका वर्षी वर्गात सांगितलेही होते. आम्ही सकाळी साडेआठास प्रांगणात उभे होतो. सूर्य पूर्वेस, आणि देवळामागे पश्चिमेच्या फरसबंदीवर थेट प्राकाराच्या भिंतीपर्यंत लांब, काळीभोर सावली पसरलेली. त्या सावलीतच आम्ही चौघांनी बसून इडल्या खाल्ल्या. शिखरावरचा घुमट ऐंशी टनांच्या एकाच शिळेचा आहे, असेही वाटाडे सांगतात. अभ्यासकांच्या मते तो अनेक शिळा जोडून केलेला आहे. हजार वर्षांपूर्वी, यंत्रांवाचून, इतक्या उंचीवर दगड चढविणे हे मूळचेच इतके मोठे काम आहे की त्यास चमत्काराचे ठिगळ लावण्याची गरज नाही. ज्या विद्यार्थ्यांना आम्ही ती सावलीची गोष्ट सांगितली, त्यांपैकी दोघे-तिघे या सभेत बसलेले दिसतात. त्यांनी ती आता पुसून टाकावी.

देवळाच्या जोत्यावर व भिंतींवर तमिळ अक्षरांत लेखच लेख आहेत. राजराजाने देवास काय दिले, किती सोने, किती दिवे, कोणत्या गावचे भात, हे सारे दगडावर लिहून ठेवले आहे. देवाच्या सेवेसाठी निरनिराळ्या गावच्या देवळांतून आणलेल्या चारशे नृत्यसेविकांची नावे, त्यांच्या घरांच्या रांगा व घरांचे क्रमांक, प्रत्येकीस नेमून दिलेला भाताचा वाटा, हेही त्यांत आहे. राजाचे नाव दगडावर कोरलेले पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळते. परंतु चारशे स्त्रियांची घरे क्रमांकासह कोरून ठेवणारा राजा आम्हांस प्रथमच भेटला. विमानाच्या वरच्या मजल्यावर भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील एकशे आठ करणांपैकी एक्याऐंशी मूर्तिरूपाने कोरलेली आहेत आणि उरलेल्या सत्तावीसांसाठी दगड तसेच कोरे राखलेले आहेत. तो भाग सर्वांस खुला नाही, म्हणून आम्ही त्याची छायाचित्रेच पाहिली. गाभाऱ्याभोवतीच्या बोळात नायककालीन चित्रांच्या खाली चोळकालीन चित्रे दडलेली होती. ती १९३१ मध्ये गोविंदस्वामी नावाच्या अध्यापकांच्या दृष्टीस पडली. एका लेपाखाली दुसरा लेप, एका राजवटीखाली दुसरी. त्या गावचे सारेच तसे आहे.

सायंकाळी पुन्हा देवळात गेलो. तेव्हा तेथे सारा गाव येतो. मुले हिरवळीवर धावतात, म्हातारी माणसे ओवरीत बसतात. सौ.ने आम्हांस काही गृहकृत्याचे विचारले. आवाज थोडा वरच्या पट्टीतला होता. तोच शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ऐंशीच्या पुढचे, पांढरी वेष्टी, कपाळी भस्म, वळून म्हणाले, “तुम्ही महाराष्ट्रातले काय?”

आम्ही चमकलो. त्यांचे मराठी आपल्यासारखे नव्हते. हेल तमिळ, मधून मधून तमिळ शब्द, आणि त्यांच्यामध्ये एकदम एखादा शब्द असा यावा की जो आमच्या आजीच्या तोंडून ऐकला होता आणि त्यानंतर कोठेही नाही. त्यांचे घराणे व्यंकोजीराजांच्या वेळी आले असे त्यांच्या घरात सांगतात. साडेतीनशे वर्षे! तिकडे आपल्या माणसांस सरसकट ‘राव’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांस रावसाहेब म्हणू लागलो. त्यांच्या घरी पिठले होते, डांगर पच्चडी होते, आणि आपली पुरणाची पोळी तर ‘पोळी’ या नावानेच तमिळ मिठाईच्या दुकानांतही विकावयास असते. सांबार हा पदार्थही तंजावरच्या मराठी राजवाड्यातील मुदपाकखान्यात जन्मला, अशी एक लोककथा त्यांनी सांगितली. आमच्या व्याह्यांस ती फार आवडली आणि परतीच्या प्रवासात प्रत्येक उपाहारगृहात त्यांनी ती वाढप्यास ऐकविली.

रावसाहेबांनी मग आम्हांस हात धरून नेले आणि प्राकारातील एका भिंतीपुढे उभे केले. पाहतो तो देवनागरी अक्षरे! ओळीमागून ओळी, भिंतच्या भिंत भरलेली. सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेने १८०३ साली कोरविलेला भोसलेवंशाचा हा इतिहास. त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो रचला. जगातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते, आणि तो मराठीत आहे. चोळ राजाच्या देवळाला तमिळ लेखांची मेखला आणि तिच्याच शेजारी हे मराठी बखरीचे दगडी पान.

“वाचा,” रावसाहेब म्हणाले.

आम्ही म्हणालो, “आपण रोज पाहता. आपल्याला पाठ असेल.”

तेव्हा ते किंचित हसले. “मी मराठी बोलतो. वाचायला मला तमिळ येते, इंग्रजी येते. ही अक्षरे मला येत नाहीत. आमच्या घरात कोणालाच येत नाहीत. आई आम्हांला पत्र लिहायची ती मराठीतच, पण तमिळ अक्षरांत.”

मग आम्ही वाचू लागलो. जुनी वाक्यरचना, शब्द एकमेकांस चिकटलेले, प्रकाश अपुरा. अडखळत, एखाद्या दुसरीतल्या मुलाप्रमाणे बोट ठेवीत आम्ही पाच-सात ओळी वाचल्या. रावसाहेब डोळे मिटून ऐकत होते. मधेच एका शब्दाशी आम्ही अडलो, अर्थ लागेना. त्यांनी डोळे न उघडताच तो सांगितला. शब्द त्यांच्या घरात रोजच्या वापरातला होता. असे दोघे मिळून आम्ही तो लेख थोडा वाचला. त्यांचे नातवंड अमेरिकेत आहे, त्यास मराठी समजते पण बोलता येत नाही, एवढे त्यांनी सांगितले आणि विषय बदलला. आम्हीही पुढे विचारले नाही.

खोटे कशास सांगावे, त्या रात्री आम्हांस फार मोठेपणा वाटला. साडेतीनशे वर्षे दूर राहिलेल्या माणसास आपण त्याची अक्षरे वाचून दाखविली! व्याह्यांजवळ तसे बोललोही. तो मोठेपणा दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत टिकला.

दुसरा दिवस राजवाड्याचा. देवळापासून तो फार दूर नाही. नायकांनी बांधावयास घेतलेला आणि मराठ्यांनी वाढविलेला हा वाडा आता पुष्कळ पडका आहे. दरबाराची चित्रविचित्र रंगविलेली दालने, उंच मनोरे, संगीत महाल ही पाहण्यासारखी आहेत, परंतु निगा यथातथाच. तेथील कलादालनात, जे १९५१ मध्ये स्थापन झाले, चोळकालीन पंचधातूच्या मूर्ती आहेत. नटराज आपण चित्रांत नेहमी पाहतो. येथे खऱ्या मूर्तीपुढे उभे राहिल्यावर सौ. एवढेच म्हणाली, “हा थांबलेला नाही.” त्यापुढे आम्ही काय सांगणार? त्याच दालनात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडून उभा, इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन याने घडविलेला.

या सरफोजीराजांविषयी थोडे बोलले पाहिजे. जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी त्यांस १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि पालक म्हणून श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या हाती सोपविले. चुलत्याशी वारसाचा तंटा, मग १७९८ मध्ये गादी, आणि पुढच्याच वर्षी कंपनीशी तह. राज्यकारभार इंग्रजांकडे, राजांकडे केवळ किल्ला, तनखा व मानमरातब. असा हात बांधलेला राजा. अशा स्थितीत दुसरे राजे काय करीत, ते आपणांस ठाऊक आहे. यांनी ग्रंथ जमविले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन पुस्तके मागवून त्यांवर स्वतःची स्वाक्षरी केली. काशीपासून हस्तलिखितांच्या नकला करविल्या. १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि त्यातून इसापाच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावलि’ या नावाने छापले. म्हणजे ससा आणि कासव मराठी मुलांसाठी छापले गेले ते पुण्या-मुंबईच्या कितीतरी आधी कावेरीकाठी! राजे नेत्ररोगांवर उपचार करीत. रोग्यांच्या नोंदी, रोगट डोळ्याच्या रंगीत चित्रांसह, आजही ग्रंथालयात आहेत. यात्रेकरूंसाठी छत्रे होती, तेथे अन्नाबरोबर शाळाही चाले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चार बंधूंनी भरतनाट्याच्या कार्यक्रमास आजचा क्रम दिला, तेही याच दरबारच्या आश्रयाने. शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये मृत्युशय्येवरील श्वार्ट्झचा हात धरलेल्या राजांचे शिल्प आहे. गुरूवर प्रेम केले, धर्म मात्र आपलाच राखला.

त्यांचे ग्रंथालय ते सरस्वती महाल. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले, कंपनीने संस्थान खालसा केले, राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला व तो १८५९ मध्ये विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलात हरला. जडजवाहिर गेले, ग्रंथ राहिले. १९१८ पासून ग्रंथालय सर्वांस खुले झाले. संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह तर अवाढव्य. मराठी हस्तलिखितेच सुमारे तीन हजार. आणि राजांच्या दप्तरातील मोडी कागदांचे तेराशेंवर गठ्ठे.

ग्रंथालयाच्या प्रदर्शनात काचेखाली एक मोडी कागद मांडलेला होता. आम्ही वाकून पाहत असता तेथील एक तरुण, तमिळ भाषक, जवळ आला आणि इंग्रजीत म्हणाला, “आपण महाराष्ट्रातून आलात? मग हे आपण वाचू शकाल.” त्याच्या स्वरात यत्किंचितही खोच नव्हती. त्यास खरोखरच तसे वाटत होते.

आम्ही म्हणालो, “मला मोडी येत नाही.”

तो म्हणाला, “मी थोडी शिकलो आहे.” आणि त्याने काचेवर बोट ठेवून आम्हांस पहिल्या दोन ओळी वाचून दाखविल्या. धान्याचा हिशेब होता. काल आम्ही ज्या तोऱ्यात बोट फिरविले, तसेच ते बोट फिरत होते. फरक एवढाच की त्याला तोरा नव्हता. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर सन १९८९ मध्ये खंडशः प्रसिद्ध केले, हेही त्यानेच सांगितले.

१९८९ हा आकडा ऐकताच आम्ही बाजूच्या बाकावर बसलो. सौ.ला वाटले, उन्हाचा त्रास झाला. तिने पाणी आणून दिले.

बंधूंनो, आमचे आजोबा मोडी लिहीत. कृष्णाकाठच्या आमच्या घरी माळ्यावर एक सागवानी पेटी होती, तीत तांबड्या कापडात बांधलेले रुमाल होते, कागदांचे. वडिलांनी ते कधी उघडले नाहीत, पण दसऱ्यास पेटीला फूल वाहत. वडिलांच्या पश्चात, याच १९८९ साली, आम्ही घराची दुरुस्ती काढली. माळा पाडावयाचा होता. रद्दीवाला दाराशी आला. अठ्ठावीस किलो भरले, सव्वा रुपया किलोप्रमाणे पस्तीस रुपये आले. त्यांतून खिडक्यांच्या कड्या-कोयंडे घेतले. पेटी मात्र ठेवली, सागवानी होती म्हणून. त्यावेळी आम्ही शाळेत इतिहास शिकवीत होतो.

ही गोष्ट आजवर आम्ही कोणास सांगितली नव्हती. सौ.लाही ग्रंथालयाच्या त्या बाकावर प्रथम कळली. ती म्हणाली, “कापड तरी ठेवायचे होते.”

तंजावरचे उरलेले दर्शन आम्ही थोडक्यात आटोपतो, जसे त्या दिवशीही आटोपले. तंजावरची सोनेरी वर्ख लावलेली चित्रे, फणसाच्या लाकडाच्या वीणा, मान डोलावणाऱ्या बाहुल्या ही खरेदी विहीणबाईंनी यथासांग केली. तिरुवय्यारु येथे कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे, तेथे पाऊण तास बसलो. त्या प्रांतातील हरिकथेत आपल्या कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी हे छंद मिसळले आहेत, हे तेथे एका गवयाने गाऊन दाखविले. जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी सूचना : मोठे देऊळ दुपारी बंद असते, म्हणून सकाळी लवकर व सायंकाळी जावे, फरसबंदी तापते, पायमोजे जवळ ठेवावे, आणि राजवाडा व ग्रंथालय यांस अर्धा दिवस पुरेल असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

घरी आल्यावर माळ्यावरून उतरविलेली ती पेटी उघडली. आता तीत हिवाळ्याची पांघरुणे असतात. तळाशी लाकडास चिकटलेला एक कागद सापडला. वाफ देऊन हळूहळू सोडविला. मोडीच आहे. मग आम्ही नाव घातले तालुक्याच्या गावी चालणाऱ्या मोडीच्या वर्गात. दर रविवारी सकाळी जातो. शिकविणाऱ्या बाई आमच्या मुलीच्या वयाच्या आहेत, आणि सहाध्यायी नातवांच्या. मोडीत आधी ओळभर रेघ ओढावयाची, मग तिला अक्षरे लटकवीत जावयाचे; लेखणी शक्यतो उचलावयाची नाही, शब्द तोडावयाचे नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घ हा भेदच नाही. तेहतीस वर्षे ज्या ऱ्हस्व-दीर्घासाठी आम्ही मुलांचे गुण कापले, तो भेद आमच्या आजोबांच्या लिपीत नव्हता! येथे बसलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी यावर हसण्यास हरकत नाही.

संघाच्या कार्यालयात रविवारी दुपारी चारनंतर आम्ही असतो. ज्यांच्या घरी असे रुमाल, सनदा, जमाखर्चाच्या वह्या, लग्नाच्या याद्या असतील, त्यांनी त्या दाखवावयास आणाव्या. आम्हांस सर्व वाचता येईल असे नाही, बाईंकडे नेऊ. रद्दीवाल्याच्या तराजूपेक्षा लवकर येऊ, एवढेच सांगतो.

त्या कागदाच्या दोन ओळी लागल्या आहेत. बैल खरेदीचा आहे. तिसऱ्या ओळीत कोणाचे तरी नाव आहे, ते अद्याप लागत नाही.